डाव्या गुडघ्याचं काय करायचं?

ताई, नमस्कार.

मी धायरीला राहते, नोकरी डेक्कनजवळ एका बँकेत. वय ४९. घरी २०१२ ची वॅगनआर आहे. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत, जवळपास सगळे मीच चालवलेले. गेल्या वर्षापासून डावा गुडघा धरतो. संध्याकाळी सिंहगड रोडची गर्दी काढून घरी पोचले की जिना चढताना कठड्याला हात लागतो. डॉक्टर म्हणाले सांधा थोडा झिजलाय, व्यायाम दिलेत. येत्या दसऱ्याला नवी गाडी घ्यायची आहे, लहानच, सात लाखांच्या आत. मला ऑटोमॅटिक हवी आहे. यजमान म्हणतात, ज्याला गाडी येत नाही त्याची ती गाडी. अ‍ॅव्हरेज कमी, घाटात दम नाही, बिघडली तर खिसा रिकामा. महिन्यातून एकदा वाईला सासूबाईंकडे जाणं असतं, म्हणजे खंबाटकी आलाच. त्यातून आमचं पार्किंग तळघरात आणि रॅम्प अगदी उभा. दीर म्हणतात, लहान गाड्यांत मिळणारी ऑटोमॅटिक, ती एएमटी, रॅम्पवर मागे येते. लेक १९ वर्षांची, तिचं लर्निंग लायसन्स आलंय. ती मॅन्युअलवर शिकली नाही तर तिला कधीच गाडी येणार नाही, असंही घरात चाललंय. आणि खरं सांगायचं तर पंचवीस वर्षं क्लच दाबलाय, सोडताना मलाही कसंतरीच होतंय. काय करू?

– धायरीची एक वाचक

ऑटोमॅटिक घ्या.

उत्तर आधीच देऊन टाकते, कारण दसऱ्याची गाडी हवी तर बुकिंगला फार दिवस नसतात, आणि तुमचं पत्र वाचून वाटतं की तुमचं ठरलेलंच आहे; तुम्हाला फक्त कुणीतरी साक्ष द्यायला हवंय. साक्ष देते. पण तुमचे दीर म्हणतात ते खरं आहे, आणि यजमानांचंही निम्मं खरं आहे. तेव्हा हे उत्तर त्यांच्या तोंडावर फेकू नका, चहाच्या वेळी सगळ्यांनी मिळून वाचा.

मी कोण ते आधी सांगते. बावीस वर्षं कोथरूडमध्ये मी गाडी शिकवली. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणाऱ्याने क्लच झटकन सोडला की गाडी हिसका देऊन बंद पडणार, त्याच्या आत मी माझ्या बाजूचा दाबायचा. सकाळी सहापासून आठ जण, आठ जणांचे क्लच माझ्या एका पायावर. मॅन्युअल गाडीवर माझं घर चाललंय, तिची मला लाज नाही की राग नाही. एकदा संध्याकाळी स्वारगेटहून धायरी फाट्याकडे निघाले होते, तेव्हा सहज मोजायला घेतलं, क्लच किती वेळा दाबतो आपण. राजाराम पुलापर्यंतच दोनशे झाले आणि मी मोजणं सोडून दिलं. आता तिथे उड्डाणपूल झालेत, पण डेक्कनहून निघून पुलापर्यंत पोचायलाच जो वेळ जातो तो तुम्हाला मी काय सांगणार.

एक गोष्ट मात्र तपासून बघा. लहान गाड्यांचा क्लच बहुतेक केबलवर चालतो. प्लेट झिजत आली, केबल कोरडी पडली की पेडल जड होत जातं, आणि इतकं हळूहळू की रोज चालवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेल्या तुमच्या गाडीचा क्लच दुसऱ्या कुणाला दाबायला द्या, ते लगेच तोंड वाकडं करतील. म्हणजे तुमच्या दुखण्यात या जुन्या क्लचचाही वाटा असणार. नवी मॅन्युअल चालवाल तर पेडल लोण्यासारखं लागेल आणि क्षणभर वाटेल, अरे, मॅन्युअलच घेऊ की! तेवढ्यावर विरघळू नका. पेडल मऊ असलं तरी दाबायचा आकडा तोच, आणि गुडघ्याला खरा त्रास होतो तो दाबण्यापेक्षा अर्ध्यावर धरून ठेवण्याचा. गर्दीत हाफ क्लचवर गाडी सरकवत नेणं हा गुडघ्याचा व्यायाम नव्हे, ते ओझं आहे. डॉक्टरांना रोज किती वेळ गाडी चालवता हेही सांगा. पेशंट सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत.

'गाडी येत नाही त्याची गाडी' हे वाक्य पुण्याने एकदा ऐकून झालंय. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की सुरू. त्या काळी आकुर्डीच्या चेतकसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट बघायचे. डाव्या मुठीत गिअर, सुरू झाली नाही तर स्कूटर एका अंगावर कलती करायची, सरळ करायची, मग किक. माझे वडील चेतकवाले. कायनेटिकला ते 'बायकांची गाडी' म्हणायचे, आणि आईने ती घेतली तेव्हा वर्षभर त्यांनी तिला हात लावला नाही. मग एकदा चेतक आठवडाभर गॅरेजमध्ये पडली. त्या आठवड्यानंतर आई बसने जायला लागली. आज लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून गिअरवाल्या स्कूटर शोधून दाखवा. खुद्द चेतक २०२० मध्ये परत रस्त्यावर आली ती विजेवर चालणारी, बिनागिअरची. पुण्याने हार मानली असं नाही म्हणायचं. पुण्याला ते आधीपासूनच ठाऊक होतं, असं म्हणायचं.

आता यजमानांच्या निम्म्या खऱ्याकडे. त्यांच्या डोक्यात जी ऑटोमॅटिक आहे ती जुनी. पूर्वीच्या लहान ऑटोमॅटिक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असायचा. म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे क्लचप्लेटने न जाता तेलातून जायची, पुढे जेमतेम चार गिअर. चालायला गुळगुळीत, पण पेट्रोलच्या बाबतीत खादाड. लहान इंजिनाला तर तो पाहुणा परवडायचाच नाही. २०१४ मध्ये सेलेरिओ एएमटी घेऊन आली आणि तो हिशेब बदलला. सात लाखांत रस्त्यावर येणारी नवी पेट्रोल ऑटोमॅटिक आज बघायला गेलात तर तुमच्यापुढे एएमटीच ठेवतील, त्यामुळे ती म्हणजे काय ते नीट समजून घ्या. बाकी सगळं त्यातून सुटतं.

एएमटी म्हणजे वेगळा गिअरबॉक्स नव्हेच. तुमच्या वॅगनआरमध्ये आहे तसाच मॅन्युअल गिअरबॉक्स, तशीच क्लचप्लेट. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक यंत्र बसवलंय आणि त्याला हुकूम द्यायला एक छोटा संगणक. क्लच गेलेला नाही. क्लच दाबायला गडी ठेवलाय, एवढंच. गडी कामसू आहे, कंटाळत नाही, पण त्याला काचेतून बाहेरचं दिसत नाही. पुढे चढ आहे, डावीकडून रिक्षा घुसतेय, समोरचा ट्रक आता थांबणार, यातलं त्याला काही कळत नाही. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय, गाडीचा वेग किती, इंजिन किती फिरतंय, एवढ्यावरून तो अंदाज बांधतो. बाकीचं तुम्ही पायाने त्याला कळवायचं. 'एएमटी झटके देते' म्हणणारे बहुतेक लोक त्याला काही न कळवता कामाची अपेक्षा करतात. तो गिअर बदलणार असं वाटलं की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचला, मॅन्युअलमध्ये आपण उचलतोच की. पहिल्याचा दुसरा होताना मान पुढे जाते ती जवळपास जायची थांबते. ही युक्ती एका आठवड्यात अंगवळणी पडते.

सीव्हीटी नावाचा आणखी एक प्रकार आहे. लेकीच्या स्कूटरमध्ये असतो तसा पट्टा आणि लहान-मोठ्या होणाऱ्या दोन पुल्या, हे तत्त्व. गिअरच्या पायऱ्याच नाहीत, त्यामुळे झटका नाही. शहरासाठी मला विचाराल तर तीच सगळ्यात गोड. पण तुमच्या पैशात नवी येत नाही. जुनी घ्यायची तयारी असेल तर २०२२ च्या आधीची बलेनो सीव्हीटी किंवा होंडा जॅझ बघा, गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचे कागद मागून. दसऱ्याला जुनी गाडी दारात आणायला घरचे तयार होतील असं मात्र वाटत नाही.

अ‍ॅव्हरेजचं ऐका. वॅगनआरच्या एक लिटर पेट्रोल इंजिनाचा कंपनीचा आकडा मॅन्युअलला लिटरमागे २४.३५ किलोमीटर आणि एएमटीला २५.१९. नव्या स्विफ्टचा २४.८ आणि २५.७५. वाचा यजमानांना, सावकाश. गड्याला गप्पा मारायच्या नसतात, तो वेळच्या वेळी वरचा गिअर टाकतो. आपण तिसऱ्यावर गाडी ओढत फोनवर कुणाचं लग्न ठरलं ते ऐकत असतो. अर्थात हे आकडे प्रयोगशाळेतले. गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेळापत्रकाने वेग कमी-जास्त करत, ताशी ९० च्या वर न जाता मोजलेले. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, पण टेकडी उतरून पौड फाट्यापर्यंत आलं की तो आकडा कुणाच्याच गाडीला लागू पडत नाही. तुमच्या रोजच्या रस्त्यावर मॅन्युअल काय, एएमटी काय, पंधरा-सोळाच्या घरात राहतील असा माझा अनुभव. थोडक्यात, पेट्रोलवरून भांडायचं कारण उरत नाही. तरीही यजमानांचं समाधान झालं नाही तर त्यांना सांगा, २०२४ पासून टिआगोमध्ये सीएनजी आणि एएमटी एकत्र मिळते. त्यासाठी तुम्हाला बजेट थोडं ताणावं लागेल आणि डिकीतली जागा टाक्यांना द्यावी लागेल.

पैशांचा हिशेब सोपा आहे. एएमटीसाठी त्याच मॉडेलला पंचेचाळीस-पन्नास हजार जास्त पडतात. पन्नास धरा. आठ वर्षं गाडी ठेवलीत तर महिन्याला ५२० रुपये. गड्याचा पगार महिना ५२० रुपये! फिजिओथेरपीच्या एका खेपेला किती देता ते तुम्हाला माहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यात वाचलेल्या पैशातच एएमटी बसते, असंही यजमानांना सांगून बघा. ते हिशेबाला पक्के असतील तर म्हणतील, मॅन्युअलवरही तेवढेच वाचतात की. पकडलंच तर हसून सोडून द्या.

बिघडण्याबद्दल ते बरोबर बोलतायत. मॅन्युअलला क्लचप्लेट बदलली की मिटलं. एएमटीत प्लेट झिजायची ती झिजतेच, वर हे यंत्र सांभाळायचं. ते रुसलं तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक हात वर करतो. नवी प्लेट बसवल्यावरही संगणकाला तिची ओळख करून द्यावी लागते आणि त्याला कंपनीचा स्कॅनर लागतो. म्हणून वाढीव वॉरंटी घ्या, त्यात चिकटपणा करू नका. शोरूममध्ये सीट कव्हर, कोटिंग, पायपुसणी असं पुष्कळ गळ्यात मारतील, पैसे तिथून काढा.

आता रॅम्प. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा मुद्दा दिरांचा आहे.

ब्रेक दाबून गाडी उभी असते तेव्हा गड्याने क्लच दाबून धरलेला असतो. तुम्ही ब्रेक सोडला की तो सावकाश हाफ क्लचवर येतो आणि गाडी आपोआप पुढे सरकते. सपाटीवर हे इतकं छान चालतं की गर्दीत अ‍ॅक्सिलरेटरला हातही, म्हणजे पायही, लावावा लागत नाही. पुढच्या गाडीमागे ती आपली मुंगीसारखी जाते. (अर्धी गाडी अंतर ठेवायचं असतं. पुण्यात तेवढ्या अंतरात दोन स्कूटर आणि एक रिक्षा बसते, तो भाग वेगळा.) उभ्या चढावर मात्र तेवढी सरक पुरत नाही. ब्रेक सुटल्यापासून गड्याने पकड घेईपर्यंत जो क्षण जातो, त्यात गाडी मागे येते. हिल होल्ड नावाची सोय असेल तर तुम्ही ब्रेक सोडल्यावरही गाडी दोनेक सेकंद ब्रेक धरून ठेवते, तेवढ्यात तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. आता बऱ्याच लहान एएमटी गाड्यांत ही सोय असते, पण 'असते' यावर जाऊ नका. तुम्ही घेताय त्याच व्हेरिएंटच्या कागदावर ती लिहिलेली बघा. तुमच्या रॅम्पसाठी ही सोय मला टचस्क्रीनपेक्षा दहापट महत्त्वाची वाटते.

आणि ती असली तरी जुनी विद्या विसरू नका. रॅम्पवर मध्येच थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढा, अ‍ॅक्सिलरेटर हलका द्या, गाडीचं नाक उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. पंचवीस वर्षांपूर्वी तुमच्या शिकवणाऱ्यानेही हेच शिकवलं असेल. तळघरातून रिव्हर्समध्ये वर यायची वेळ आली, म्हणजे समोरून कुणी शिरलं तर, तेव्हाही हेच. सोसायटीला सांगून रॅम्पच्या तोंडाशी गोल आरसा बसवून घ्या. तीन मीटिंगा जातील, पण बसवून घ्या.

जे करायचं नाही ते मी स्वतः करून बसलेय. एएमटी घेऊन तीनच महिने झाले होते. दिवे घाटात वर चढताना गाड्या अडकल्या. पुढचा वावभर सरकला की आपण सरकायचं, असं चाललेलं. ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर करायचा कंटाळा आला म्हणून मी नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरली. पाच-सात मिनिटं. गाडी पिंपिं करायला लागली. मला वाटलं मागे कुणी सीटबेल्ट लावला नाही, म्हणून मी मागे बसलेल्या बहिणीवर ओरडले. मग तो वास आला. जळक्या क्लचचा वास ज्याने एकदा घेतलाय त्याला तो झोपेतही ओळखता येतो. बावीस वर्षं पोरांना 'हाफ क्लचवर गाडी उभी करू नका' म्हणून ओरडणारी मी, गड्याकडून तेच करून घेत होते, आणि त्याच्या पायाला कळ लागत नाही म्हणून मला समजलं नाही. पहिल्या वर्षातच प्लेट बदलावी लागली. चढावर थांबायचं ते ब्रेकवर, नाहीतर हँडब्रेकवर. अ‍ॅक्सिलरेटरवर कधीही नाही.

लावताना एक लक्षात ठेवा. मोठ्या ऑटोमॅटिकमध्ये 'पी', म्हणजे गाडी जागच्या जागी अडकवून ठेवणारा पार्किंगचा खटका, असतो तसा एएमटीत सहसा नसतो. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. सवयीने न्यूट्रल करून निघून गेलात तर सगळी भिस्त एका तारेवर.

खंबाटकीचं एवढं काही नाही. पुण्याहून जाताना चढ लागतो, तिथे गड्याला सुचेनासं होतं: दुसरा टाकू की तिसरा. गाडी उगाच वर-खाली करते, त्यालाच लोक 'दम नाही' म्हणतात. इंजिन तेच आहे, दम कुठे जाणार? दांडी 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर, घ्या आणि गिअर स्वतः ठरवा. चढाला दुसरा-तिसरा, उतारालाही तोच, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. ओव्हरटेक मात्र दमाने. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गडी खालचा गिअर शोधतो तोवर एक श्वास जातो. तो श्वास धरूनच समोरच्या एसटीचा अंदाज घ्या.

परत येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलात की नवले पुलापर्यंत तो लांब उतार, आणि तिथून तुम्ही धायरीकडे वळणार. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेल्या ट्रकांनी त्या उतारावर काय काय केलंय ते धायरीकरांना वेगळं सांगायला नको. आपल्या गाडीतही तिथे न्यूट्रल नाही. मॅन्युअल असो, एएमटी असो. 'एम', तिसरा गिअर, डावी लेन, आणि मागच्या आरशात एक डोळा.

या सगळ्यापेक्षा मला काळजी वाटते ती तुमच्या डाव्या पायाची, आणि गुडघ्याची नव्हे, सवयीची. पंचवीस वर्षं तो पाय थांबायची वेळ आली की आपसूक क्लचवर गेलाय. नव्या गाडीत तिथे क्लच नाही. ब्रेकचं पेडल आहे आणि ते जरा रुंदही असतं. पहिल्या आठवड्यात कधीतरी सिग्नल लाल होईल, उजवा पाय ब्रेकवर जाईल आणि डावाही क्लच समजून ब्रेकवरच, पूर्ण जोराने. गाडी जागच्या जागी रुतेल आणि मागचा स्कूटरवाला तुमच्या डिकीत. असं करणारे नवशिके नसतात, मुरलेले असतात. मुरलेल्यांनाच मी जास्त घाबरते. डावा पाय मागे, सीटच्या पायाशी टेकवून ठेवायचा. गाडीत बसलं की पहिलं काम ते. माझ्याकडे एक निवृत्त काका एएमटीची सवय करायला यायचे, ते गाडीत बसताना डाव्या पायातली चप्पल काढून मागे ठेवायचे. म्हणायचे, अनवाणी पायाला आपण सुट्टीवर आहोत हे लक्षात राहतं. मला हसू यायचं, पण पंधरा दिवसांत त्यांनी एकदाही दोन पायांनी ब्रेक मारला नाही. पहिले तीन दिवस सकाळी साडेसहाला मोकळ्या रस्त्यावर काढा, मगच डेक्कन.

लांब सिग्नलला आकडा साठच्या पुढे दिसला तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. गड्यालाही पाय सैल सोडू द्या.

लेकीचं सोपं आहे. दुचाकीला विनागिअर आणि गिअर असं लायसन्स वेगवेगळं असतं, चारचाकीला तसं नाही. हलक्या वाहनाचं एकच. ऑटोमॅटिकवर परीक्षा देऊनही ती उद्या मॅन्युअल चालवायला मोकळी, कागदावर तरी. पण तिला क्लच यावा असं मलाही वाटतं. मैत्रिणीची गाडी असेल, मामाची असेल, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तेव्हा 'मला ही येत नाही' म्हणून उभं राहू नये. त्यासाठी तुमची जुनी वॅगनआर आहे ना. ती एक्सचेंजमध्ये देण्याआधीचे दोन-तीन महिने तिच्या हातात द्या. तिने तुमच्याच रॅम्पवर हाफ क्लच शिकावा, नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर त्याच गाडीने आठ काढावा आणि पास होऊन यावं. क्लचप्लेट तशीही संपतच आलीय, तिला आणखी काय व्हायचंय. पण लेकीला शिकता यावं म्हणून आईने पुढची आठ वर्षं गुडघा झिजवावा, हे गणित घरात कुणी मांडलं असेल तर ते त्यांनाच परत सोडवायला सांगा.

सोडताना कसंतरी होतंय म्हणालात. होतंच. मलाही झालं. नवी गाडी घेतली तेव्हा पहिले काही दिवस डावा हात गिअरच्या दांडीवर नुसता ठेवलेला असायचा, देवळात घंटेवर ठेवतात तसा. अजूनही ताम्हिणीला गेले की 'एम'वर घेऊन सगळे गिअर मीच टाकते. गडी तेव्हा गप्प बसतो.

गाडी कुठली? नाव मी घालणार नाही, पण गुडघा दुखतोय तर सीटची उंची बघा. खाली वाकून बसावं लागणाऱ्या गाडीत क्लच नसला तरी बसता-उठता तोच गुडघा बोलणार. तुम्हाला वॅगनआरच्या उंच सीटची सवय आहे, ती सोडू नका, किंवा तेवढ्या उंचीचं दुसरं काही बघा. विजेच्या गाडीचा विचार पत्रात नाही म्हणून मीही काढत नाही. तळघरात चार्जिंगचा पॉइंट घ्यायचा तर त्या आरशापेक्षा जास्त मीटिंगा लागतील.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला तुम्हाला सपाट, सरळ रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून आणेल. तेवढ्यावर सही करू नका. गाडी धायरीला घेऊन ये म्हणा, आणि संध्याकाळी सातला. मागे लेक आणि दीर, शेजारी तो विक्रेता, म्हणजे वजन भरलेलं असेल. रॅम्पच्या मध्यावर गाडी थांबवायला लावा आणि ब्रेक सोडायला सांगा. चालवायला यजमानांना बसवा. तुम्ही वॉचमनशेजारी उभ्या राहून मागचं चाक बघा. मागे आलंच तर किती वीत आलं ते मला कळवा.